दोरीवरची बारावी गाठ

पुळणीवर होड्या वर ओढायला लागले की मला घरात बसवत नाही, आणि तिकडे जाऊन बघवतही नाही.

ओंडके मांडतात, त्यांना जळलेलं काळं ऑइल चोपडतात, तीस-चाळीस माणसं दोराला लागतात. आधी सगळे गप्प असतात. मग एक जण आरोळी देतो, बाकीचे तिला जोडून ओरडतात, आणि होडीचं पोट ओंडक्यांवरून सरकताना एक आवाज होतो. जाड, दबका, आजारी माणूस कुशीवर वळताना कण्हतो तसा. तो आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येतो. गावातली पोरं त्या आवाजाला नाचतात, कारण मासेमारीची बंदी लागली म्हणजे दोन महिने बाप घरी. मला मात्र तो नकोसा होतो. सहा पावसाळे झाले त्याला. आज बोर्लीच्या बाजाराजवळ माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, पाटीवर माझं नाव आहे, नावापुढे पदवी आहे. तरी तो आवाज आला की हातातला पाना मी खाली ठेवते आणि उगाचच हात पुसत बसते.

प्रत्येकाच्या भीतीला एखादा वास असतो म्हणतात. माझ्या भीतीला रॉकेलचा, सुकटीचा आणि ओल्या झापांचा आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी सांगते आणि सांगताना मान वर करूनच सांगते. आजोबा लोकांच्या वाडीत शिंपणं करायचे. बाबा बांधकाम खात्यात रोडरोलरवर होते. माझं मेकॅनिकलचं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यांनी ते काचेत बसवून आणलं आणि बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं. आई म्हणाली, "भिंतीला ओल येते, कपाटात ठेवू." बाबा म्हणाले, "कपाटात कोण बघणार?"

त्या वर्षी तळोज्याच्या कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं आणि मी घरी येऊन बसले. कोणी विचारलं तर "सुट्टीवर आहे" म्हणायचे. अशाच एका सकाळी, पुळणीवर होड्या वर ओढत होते त्याच दिवसांत, बाबांनी मला स्कूटरवर बसवून हमीदाआपांकडे नेलं. आपांच्या फाटकासमोरच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा बाबांचा रोलर महिनाभर तिथे उभा असायचा, आणि आपा रोज दुपारी रोलरवाल्याला चहा पाठवायच्या. तेवढीच ओळख.

फणसाखाली गाडी उभी होती. गोल दिव्यांची, दुधी रंगाची, नाकाडाला क्रोमची पट्टी. आपांचे मालक जहाजावर इंजिनीअर होते. त्यांनी ती जुनीच घेतली होती, आणि तीसुद्धा आता पन्नासेक वर्षांपूर्वी. आपा गाडी शिकल्या त्या हिच्यावरच. बुरखा मागे सारून बाई स्टिअरिंगवर बसते हे बघायला तेव्हा लोक दारात यायचे म्हणे. मालक गेले, मुलगा परदेशात गेला, आपा दर शुक्रवारी गाडी काढून एकट्या दिघीच्या जेट्टीपर्यंत जायच्या, खाडीकडे तोंड करून थोडा वेळ बसायच्या आणि परत यायच्या. सत्तरी उलटली होती तरी हा नेम चुकला नव्हता. त्या उन्हाळ्यात परतताना चढणीवर पाण्याचा पाइप फाटला, इंजिन तापलं, आणि धड्‌ असा आवाज होऊन जागच्या जागी थिजलं.

"तीन मिस्त्री येऊन गेले," आपा म्हणाल्या. "तिघे म्हणाले, भंगारात द्या. मी चौथ्याची वाट बघतेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "माझी प्रज्ञा इंजिनीअर आहे," ते म्हणाले.

"मी करते," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर तोवर मी आख्खं इंजिन एकदाच खोललं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये, सहा जणांच्या गटात. आणि ते मुळातच मेलेलं होतं.

त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर बाबांच्या पाठीमागे बसून मी डोळे मिटून घेतले होते, ते मला नीट आठवतं. भीती म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा अंगात कळलं. ती छातीत नव्हती. दोन्ही मनगटांत होती. कुणीतरी आतून दोरी बांधल्यासारखी.

इंजिन गाडीतून उतरवायचं तर चेनपुली लागते. आमच्याकडे ती एकट्या धाकू नाखवाकडे होती. धाकू नाखवा पूर्वी स्वतः होडी घेऊन जायचा. गुडघे गेल्यावर किनाऱ्यावर बसून होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. त्याची शेड पुळणीला लागून, तीन बाजूंनी पत्रे आणि समुद्राच्या बाजूला नुसतं विणलेल्या झावळ्यांचं झाप. बंदीचे दोन महिने तो सगळ्या होड्यांची इंजिनं खोलून ठेवायचा. गाडी दोर लावून तिथे ओढत आणली. त्याने मला कोपऱ्यातली एक जागा दिली आणि एक नाव दिलं.

"या, इंजिनीअरबाय. पुस्तक आणलाव का संगती?"

"आणलंय."

"बेस. पावसानं इंधन ओलं झालं तर चूल पेटवायला व्हईल."

मी चिडायचे. तो हसायचा. त्याला पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू आणखीच लागायचं. पण इंजिन वर उचललं जाताना साखळीचा एकेक दुवा त्याने स्वतः ओढला, माझ्या हातात दिला नाही, आणि लोखंडाचं ते धूड हवेत लोंबकळत असताना त्याचं हसू पार पुसलं गेलं होतं. ते माझ्या लक्षात राहिलं.

समुद्राशेजारी इंजिन खोलणं आणि पुण्या-मुंबईत खोलणं यात फरक आहे, तो कुठल्याही पुस्तकात नाही. आमचा वाराच खारा. सकाळी चकचकीत पुसून ठेवलेल्या लोखंडावर दुपारी तांबूस साय येते. शिवाय वाळू. दिसत नाही, पण जिभेला लागते. म्हणून आमच्याकडे इंजिन खोललं की त्याच्या प्रत्येक भोकात चिंधीचा बोळा कोंबतात. पाण्याची भोकं, ऑइलची भोकं, सिलिंडर, सगळं बुजवून टाकायचं. नाखवाच्या शेडमध्ये अशी बोळे कोंबलेली आठ-दहा इंजिनं एका रांगेत बसलेली असायची, दाढदुखीच्या पेशंटसारखी.

पण नाखवाचे बोळे सुटे नसायचे. जुन्या जाळ्याची एक लांब दोरी, तिला वितीवितीवर गाठ, प्रत्येक गाठीत एक बोळा. जाळ्याला तरंगी बांधतात तशी ती माळ एका भोकातून दुसऱ्याकडे फिरलेली असायची. इंजिन पुन्हा जोडून बंद करायची वेळ आली की माळेचं टोक धरून ओढायचं, सगळे बोळे एकामागून एक बाहेर. मग तो गाठी मोजायचा. मोठ्याने, एक-दोन-तीन म्हणत, बालवाडीतल्यासारखं.

"बोळा कवा एकटा सोडायचा न्हाय," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "एकटा बोळा इसरतो. त्याला वाटतं, हितंच आपलं घर."

मला ती दोरी घाणेरडी वाटली. मासळीचा वास, वर तुसं निघालेली. सरांनी आम्हाला शिकवलं होतं की इंजिनात धागा जाता कामा नये, कापड स्वच्छ, सुती, धुतलेलं पाहिजे. मी आईचं जुनं पांढरं लुगडं मागून घेतलं. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कात्रीने त्याचे नीट चौकोन कापले आणि वहीत लिहिलं, आठ बोळे. नाखवा बघत होता.

"दोरी देऊ?"

"नको. माझ्या वहीत आहे सगळं."

"व्हय? मग वही पण कोंबा एका भोकात."

इंजिनाची अवस्था वाईट होती. एक पिस्टन सिलिंडरला चिकटलेला, क्रँकवरच्या बेअरिंगचं शिसं वितळून पाघळलेलं. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. तो घासून गुळगुळीत करायला अलिबागला लेथवर न्यायचा होता. गोणपाटात गुंडाळून मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि दिघीला बोटीत चढले. खाडीत लाटा होत्या. बोट हलली की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं, क्रँक माझ्या हातून निसटून कठड्यावरून पाण्यात जातो आणि बुडबुडासुद्धा येत नाही. पलीकडे एसटीत कंडक्टर म्हणाला, "ताई, बाळाचं तोंड उघडं ठेवा, गुदमरेल." मी गोणपाट बाजूला केलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "बापावर गेलंय." आख्खी गाडी हसली. मीही हसले. काशीदचे सुरू खिडकीतून मागे जात होते आणि त्या दोन तासांत मला खरंच थोडं हलकं वाटलं होतं. त्या सबंध पावसाळ्यातले तेवढेच दोन तास.

कारण लेथवाल्याने क्रँक मोजला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "हा आधी तीनदा घासलाय. हा शेवटचा साइज. यापुढे घासायला लोखंड उरत नाही."

"दुसरा मिळेल?"

"या गाडीचा? मिळाला तर मलापण सांगा."

म्हणजे एकच संधी. इंजिन सुरू झालं आणि पुन्हा कुठे ऑइल पोचलं नाही, तर पाच मिनिटांत बेअरिंग वितळणार आणि मग ती गाडी खरोखरच भंगार. आपांचा शुक्रवार कायमचा बंद. आणि हे माझ्या हातून झालेलं असणार.

फक्त माझ्या हातून म्हणून भागलं असतं तर ठीक होतं. बोर्लीच्या चहाच्या टपरीवर एक जण बाबांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "कोट्यातली इंजिनीअर. गाडी कसली चालू करते, उभी होडी बुडवील." बाबांनी चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि घरी आले. मला हे त्यांनी नाही सांगितलं, बरोबर असलेल्या गँगमनने सांगितलं. त्यानंतर शेडमध्ये काम करताना प्रत्येक नट आवळायच्या वेळी तो माणूस माझ्या मागे उभा आहे असं वाटायचं. माझी चूक माझ्या एकटीची राहणार नव्हती. ती माझ्या आडनावाची होणार होती, आमच्या वाडीची होणार होती. दुसऱ्या कुणाची चूक झाली तर तो मिस्त्री वाईट ठरतो. हा फरक ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल.

आषाढी पौर्णिमा झाली. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. आई रोज संध्याकाळी जायची आणि मी रॉकेलने हात धूत बसायचे. क्रँक बसला, पिस्टन बसले. वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, तेवढं बसायचं राहिलं होतं. आणि मग ती दुपार आली.

वारा सकाळपासूनच पडलेला होता, पान हलत नव्हतं. नाखवा जेवायला घरी गेला होता. दोनच्या सुमाराला समुद्राकडून आधी आवाज आला आणि मग वारा. झाप उचललं गेलं, होडीवरची एक ताडपत्री फाडफाड करत शेडमधून आरपार गेली, आणि पाठोपाठ वाळू. सरळ, आडवी, मुठीने मारल्यासारखी. माझं इंजिन उघडं होतं. आठ बोळे पुरेसे नव्हते, मी दुपारी वेगळ्या बाजूचं काम काढल्यामुळे आणखी भोकं उघडी पडली होती. लुगड्याचा उरलेला तुकडा हातात होता. कात्री सापडेना. मी दातांनी फाडला. फाडला आणि कोंबला, फाडला आणि कोंबला. डोळ्यांत वाळू, काही दिसत नाही, बोटांनी भोक चाचपायचं आणि बोळा दाबायचा. शेवटी इंजिनावर मी स्वतःच ओणवी पडून राहिले. वारा पाठीवरून जात होता. कानात माझाच श्वास. किती वेळ, सांगता येणार नाही.

नाखवा आला तेव्हा मी तशीच होते. तो म्हणाला, "मेलीस की काय ग पोरी?" तेव्हापासून इंजिनीअरबाय संपलं.

पुढे सगळं भराभर झालं. बोळे काढले, फुंकून पुसून घेतलं, तांब्याचं पॅकिंग ठेवून हेड बसवलं, खालून ऑइलचं चेंबर लावलं, इंजिन पुन्हा गाडीत उतरवलं. शेडपासून रस्त्यापर्यंत गाडी ढकलत आणली. उद्या सकाळी आपा येणार आणि सुरू करणार, असं ठरलं. बाबांनी रजा टाकली.

त्या संध्याकाळी आईने धुतलेले बोळे ओट्यावर वाळत घातले होते. मी ते गोळा केले. वही उघडली. आठ, आणि त्या दुपारचे? वहीत त्या दुपारचं काहीच नव्हतं. वाळूत वही कोण उघडणार? हातात अकरा होते. म्हणजे त्या दुपारी मी तीन फाडले होते. की चार?

मी आईला म्हटलं, "लुगड्याचा राहिलेला तुकडा कुठाय?"

ती घेऊन आली. मी जमिनीवर बसले आणि तुकडे लावायला लागले. कात्रीचे आठ एका बाजूला. दातांनी फाडलेले तीन एकाला एक जोडून, फाटक्या कडा जुळवत, उरलेल्या तुकड्याच्या कडेला. एक जुळला. दुसरा जुळला. तिसरा जुळला तो पलीकडच्या कोपऱ्यात. आणि मध्ये जमीन दिसत होती. तळहाताएवढी. शेणाने सारवलेली, स्वच्छ, चौकोनी जमीन.

आईने वाकून बघितलं. मग म्हणाली, "वाऱ्यानं नेला असेल."

"असेल."

"कशावरून आत असेल?"

"कशावरून बाहेर असेल?"

ती जागा मला आजही दिसते. एखाद्याचं नाव आठवत नाही आणि जिभेपाशी पोकळी जाणवते, तशी. मी त्या चौकोनावर हात ठेवला. बरोब्बर बसला.

तुम्ही म्हणाल, सुरू करून बघायचं. ऑइल चढतंय की नाही ते काट्यावर कळतं. पण बोळा तसा नसतो. काटा आज चढेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि महिन्याने कुठल्यातरी चढणीवर तो बोळा ऑइलमध्ये सरकत सरकत खालच्या जाळीवर येऊन बसेल आणि ऑइल अडेल. आपा गाडीत एकट्या असतील. मला हे सगळं माहीत होतं. कॉलेजने मला तेवढं शिकवलं होतं. आपण कशाला घाबरायचं ते नीट समजावं एवढ्यासाठीच शिकलो की काय, असं मला तेव्हा वाटलं.

सकाळी शेडपुढे वीसेक माणसं होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या खात्यातले दोघे होते, कोळीवाड्यातल्या बाया होत्या, टपरीवरचा तो माणूसही लांब भिंतीला टेकून उभा होता. आपा रिक्षातून उतरल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नाखवाने पुढच्या बाजूने इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल लावलं.

मनगटांतली ती दोरी पुन्हा आवळली. बाबांकडे बघितलं. ते हसत होते. मला वाटलं, राहू दे. वाऱ्यानेच नेला असेल. शंभरातल्या नव्वद वेळा वारा नेतो.

नाखवा वाकला.

"थांबा," मी म्हणाले. "एक बोळा कमी आहे."

कुणाला काही कळलं नाही. नाखवाला कळलं. त्याने हँडल तसंच काढून खाली ठेवलं. मग मी आपांच्या खिडकीशी गेले आणि सगळं सांगितलं. लुगडं, वारा, जमिनीवरची जागा. परत खोलावं लागेल. चार दिवस. आत काही निघेल, कदाचित निघणारही नाही. मी बोलत होते आणि मागे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. कोण, ते बघायला मी वळले नाही.

आपा पुढच्या काचेतून बघत होत्या. "त्या दिवशी चढणीवर," त्या हळूच म्हणाल्या, "काटा लालवर गेला होता. मला दिसत होता. एकटीनं रानात थांबायची भीती वाटली म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबत राहिले. मुलाला अजून सांगितलेलं नाही." मग दार उघडून खाली उतरल्या. "मी थांबले असते तर तुझ्याकडे यावंच लागलं नसतं. खोल बेटा."

बाबांचं हसू गेलं होतं. ते शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले. इस्त्रीच्या शर्टानिशी ते गाडीखाली शिरले आणि चेंबरचे नट सोडायला त्यांनी पाना मागितला. सरकारी रोलरवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्याला कोणता नट कुठे ते विचारावं लागत नव्हतं.

बोळा निघाला नाही.

चेंबर साफ होतं. हेड उचललं. पाण्याच्या प्रत्येक भोकातून नाखवाने तार घातली आणि ती दुसरीकडून बाहेर आलेली मला दाखवली. ऑइलच्या प्रत्येक वाटेतून ऑइल ओतलं आणि ते खालून ठिबकेपर्यंत आम्ही दोघं खाली वाकून राहिलो. आत काही नव्हतं. कधीच नव्हतं. टपरीवरचा माणूस दोन दिवस येऊन बघून गेला. तिसऱ्या दिवशी "बघा, उगाच" एवढं म्हणाला आणि यायचा बंद झाला.

मला लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त वाटली ती भीतीच. कारण तो आत नसेल तर कुठे आहे, हे मला कोण सांगणार होतं? आईच्या लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा. मी पुळणीवर शोधला, होड्यांच्या झापांत शोधला, सुरूच्या फांद्यांत शोधला.

हेडखालचं तांब्याचं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की कडक होतं, आणि दुसरं मिळणार नव्हतं. नाखवाने ते निखाऱ्यावर लालभडक तापवलं आणि बादलीत बुडवलं. चर्र झालं. हातात घेऊन वाकवून दाखवलं. पापडासारखं मऊ. "लोखंड असं केलं तर कडक होतं," तो म्हणाला. "तांबं उलटं. घाबरलं की नरम पडतं. तुझ्यासारखं." मग खिशातून एक दोरी काढून माझ्या हातात दिली. जाळ्याची, धुतलेली. अकरा गाठींत माझे अकरा पांढरे बोळे त्याने आधीच बांधून ठेवले होते.

गाडी सुरू झाली ती नारळी पुनवेच्या दोन दिवस आधी. तिसऱ्या झटक्याला. आपांनी हॉर्न वाजवला, कुणीतरी नारळ फोडला, बाबा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून दांडा कानाला लावला होता. मिस्त्री लोक तसंच ऐकतात, डॉक्टरसारखं. सगळे आनंदात होते आणि मी ऐकत होते. मी आनंद केला नाही, हे नंतर घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

लहानपणी मी बाबांबरोबर रोलरवर जायचे. रोलर सुरू करायच्या आधी ते दर वेळी खाली उतरायचे, चाकांपुढे वाकून बघायचे, मागे जाऊन बघायचे, आणि मगच चढायचे. दिवसातून वीस वेळा. मला ते कंटाळवाणं वाटायचं. गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला रोलरची भीती वाटायची?"

"रोज," ते म्हणाले. आणि जेवायला बसले.

परवा होड्या चढल्या. तो आवाज आला. मी हात पुसले, खुंटीवरची दोरी काढली आणि मोजली. अकरा बोळे आता पांढरे राहिलेले नाहीत. बाराव्या ठिकाणी मी त्याच वर्षी एक गाठ मारून ठेवली आहे, तिच्यात काही नाही. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलं विचारतात, "मॅडम, ही रिकामी का?" मी सांगते, ती पण मोजायची.

दर वर्षी याच दिवसांत आपांची गाडी ऑइल बदलायला येते. आपा आता ऐंशीला टेकल्या, पण आणतात स्वतःच. मी खालचा नट सोडते आणि काळं ऑइल बोटांमधून वाहू देते. एखादा पांढरा धागा लागतोय का, ते बघते. सहा वर्षांत लागलेला नाही. परवाही नाही लागला. बाबा निवृत्त झाल्यापासून दुपारी माझ्याकडे येऊन खुर्ची टाकून बसतात. मी नट आवळला, गाडीखालून बाहेर आले, हात पुसले.

"बघितलंस?" बाबा म्हणाले.

"बघितलं."

"परत बघ."

मी परत खाली वाकले.